संकरित डायनोसॉरच्या खेळण्याचं परीक्षण कसं लिहावं

ट्रायसेराटॉप्सचं खेळणं हातात आलं, तर त्याचं परीक्षण लिहायला निदान एक आधार असतो. सांगाड्याचा फोटो समोर ठेवायचा, शिंगं मोजायची, डोक्यामागची हाडाची झालर कुठवर येते ते पाहायचं. पण ज्याच्या डोक्यावर ट्रायसेराटॉप्सची शिंगं आहेत आणि पाठीवर स्टेगोसॉरससारख्या हाडांच्या उभ्या पाट्या, त्याचा सांगाडा जगातल्या कुठल्याच संग्रहालयात नाही. मग तुलना करायची कशाशी? पहिल्यांदाच लिहिणारे बहुतेकजण इथे गोंधळतात. 'काहीही बनवलंय' किंवा 'भन्नाट दिसतंय' यांपैकी एक म्हणून मोकळे होतात आणि वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

माझ्यापुरतं मी एक सूत्र ठरवलं आहे. संकरित डायनोसॉरच्या खेळण्यात दोन प्रकारचे सांधे असतात. एक सांधा प्लास्टिकचा, ज्यावर पाय आणि जबडा हलतो. दुसरा सांधा दोन प्राण्यांमधला, म्हणजे एक जनावर जिथे संपतं आणि दुसरं सुरू होतं ती जागा. परीक्षण म्हणजे या दोन्ही सांध्यांची कसून तपासणी. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

आधी नाव वाचा

या जनावरांची नावं बहुधा जोडनावं असतात आणि त्यातच त्यांचं कूळ लिहिलेलं असतं. केनर या खेळण्यांच्या कंपनीने १९९८ मध्ये 'केऑस इफेक्ट' नावाची मालिका काढली होती, ती जवळपास सगळी अशाच संकरांची. त्यातला कॉम्पस्टेग्नॅथस हा कॉम्प्सोग्नॅथस आणि स्टेगोसॉरस यांचा मेळ, तर अमार्गोस्पायनस अमार्गासॉरस आणि स्पायनोसॉरसचा. टायरॅनोनॉप्स मला सगळ्यांत मजेदार वाटतो. त्यातला एक पालक टायरॅनोसॉरस आणि दुसरा लायकेनॉप्स, आणि लायकेनॉप्स मुळात डायनोसॉर नव्हेच. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांशी नातं सांगणाऱ्या गटातला तो प्राणी. एवढी एक माहिती परीक्षणात आली की वाचणारा खेळण्याकडे वेगळ्या नजरेने बघतो. याच मालिकेसाठी अल्टिमासॉरस आखला होता, पाच डायनोसॉरांचा मिळून एक, पण तो दुकानात आलाच नाही. जुने संग्राहक आजही त्याचं नाव हळहळून घेतात.

नावानंतर उत्पादक आणि वर्ष पाहा. 'जुरासिक वर्ल्ड' चित्रपटातला संकर इंडोमिनस रेक्स पडद्यावर आला २०१५ साली, तेव्हा त्याची खेळणी हॅस्ब्रोची होती. २०१८ पासून ही खेळणी मॅटेल बनवू लागली. त्यामुळे नुसतं 'इंडोमिनसचं खेळणं' असं लिहिलं तर कोणतं, हे वाचणाऱ्याला कळायचं नाही. मालिकेचं नाव, उत्पादक आणि वर्ष पहिल्या परिच्छेदातच द्या. वर्ष पोटाखाली किंवा तळपायावर कोरलेलं सापडतं. मात्र हे कोरलेलं वर्ष बहुधा साच्याच्या हक्काचं असतं, खेळणं त्याच वर्षी बनलं असेलच असं नाही. जुनाच साचा नव्या रंगात पुन्हा आला असेल, ज्याला संग्राहक 'रिपेंट' म्हणतात, तर पोटावर जुनं वर्ष तसंच राहतं. यावरून रिपेंट ओळखता येतो आणि तो ओळखून सांगणं हे तुमचं काम आहे. ज्याच्याकडे तो साचा आधीच आहे, त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं.

डबा उघडताना

उघडण्याआधी डब्याचे चारही बाजूंनी फोटो काढा, नंतर ते मिळत नाहीत. खेळणं आत कशाने बांधलंय, बांधण्या सोडवताना रंग खरवडला जातो का, हे टिपून ठेवा. डब्यात दाबून बसल्यामुळे शेपूट किंवा पाय वाकलेला असेल तर लगेच दोष देऊ नका. मऊ प्लास्टिक गरम पाण्यात थोडा वेळ बुडवलं की सैल होतं. मग ते सरळ धरून थंड पाण्यात घालायचं, आकार परत येतो. आत बॅटरी असेल तर हे करू नका. उपाय करूनही वाकडेपणा राहिला, तर मात्र तो दोषच, आणि तो लिहायचा.

हात न लावता पाहा

या पायरीवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवते. नवख्यांनीही तसंच करावं असं मनापासून वाटतं. खेळणं टेबलावर ठेवा, हलवू नका. कागदावर दोन रकाने आखा आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेका पालकाचं नाव लिहा. डोकं, मान, पुढचे पाय, मागचे पाय, पाठ, शेपूट, कातडी, नखं असा प्रत्येक अवयव कुणाकडून आला ते त्या रकान्यात टाका. जे कुठल्याच रकान्यात बसत नाही ते तळाशी वेगळं लिहा. तळाची ही यादी सगळ्यांत बोलकी असते, कारण शिल्पकाराने स्वतःच्या डोक्याने काय घातलं ते तिथेच दिसतं.

आता स्टेगोसेराटॉप्सचंच बघू. स्टेगोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स दोघेही चार पायांचे, दोघेही शाकाहारी. वरवर पाहता जोडी सोपी वाटते. पण स्टेगोसॉरसचे पुढचे पाय मागच्यांपेक्षा बरेच आखूड, कमरेचा उंचवटा मोठा आणि डोकं लहानसं, जमिनीलगत. ट्रायसेराटॉप्सचं उलट. त्याचं सगळं वजन पुढे, प्रचंड डोकं, ते पेलणारी जाड मान आणि भक्कम पुढचे पाय. दोघांना एकत्र करताना शिल्पकारापुढे खरा प्रश्न हा असतो की ते डोकं पेलणार कोण? ट्रायसेराटॉप्सचं डोकं घेतलं आणि पुढचे पाय स्टेगोसॉरसचेच ठेवले, तर जनावर आत्ता तोंडावर आपटेल असं दिसतं. मान जाड केली, खांदे रुंद केले, पुढचे पाय थोडे उंच केले की तेच डोकं शोभायला लागतं. अस्तित्वात नसलेल्या प्राण्याचंही शरीरशास्त्र असतं ते असं. त्याच्या अंगातलं वजन कुठून कुठे जातंय हे डोळ्याला पटलं पाहिजे.

दुसरी जागा मानेची. ट्रायसेराटॉप्सची झालर मागे उंच चढते. स्टेगोसॉरसच्या पाट्या मानेपासूनच सुरू होतात. मग झालर आणि पहिली पाटी एकमेकांना भिडतात का? प्राण्याने डोकं वर केलं तर काय होईल? चांगल्या शिल्पात तिथे पाट्या लहान होत जातात किंवा थोड्या मागून सुरू होतात. घाईच्या शिल्पात दोन्ही एकमेकांवर चढतात आणि ठिगळ लावल्यासारखं दिसतं. पाट्या दोन रांगांत, एकाआड एक आहेत का, तेही पाहा. शेपटीच्या टोकाला काटे चार आहेत का? डोक्याची शिंगं तीन आहेत का? ही मोजदाद करा, पण तिच्यावरच थांबू नका.

कातडीकडे तिरप्या उजेडात बघा. जिथे एक प्राणी संपून दुसरा सुरू होतो, तिथे खवल्यांचा आकार हळूहळू बदलतो की एका रेषेवर अचानक? मी भिंग घेऊन बसते. मानेच्या कडेला मोठे खवले लहान होत होत सुरकुत्यांत विरघळलेले दिसले की त्या अनाम शिल्पकाराला मनातल्या मनात दाद देते.

मांसाहारी जोड्यांत भांडण हातांवरून असतं. कार्नोटॉरस आणि व्हेलोसिरॅप्टर यांच्या संकराचं उदाहरण घ्या. कार्नोटॉरसचे हात इतके चिमुकले की जवळजवळ नसल्यासारखेच. व्हेलोसिरॅप्टरचे हात लांब, तीन बोटांचे, पकडीचे. सरासरी काढून मध्यम लांबीचे हात देणं हा सर्वांत पडेल मार्ग. एका पालकाची बाजू ठामपणे घेतलेलं शिल्प जास्त जिवंत वाटतं. तळहात कुठे वळलेत तेही पाहा. अशा डायनोसॉरांचे तळहात टाळी वाजवल्यासारखे समोरासमोर असायचे, जमिनीकडे वळत नसत. बहुतेक खेळण्यांत ते जमिनीकडे असतात, कारण लोकांच्या डोळ्यांना तशीच सवय झाली आहे.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारायचाच: हा पालक खऱ्या जीवाश्मांमधला आहे की पडद्यावरचा? खरा व्हेलोसिरॅप्टर जेमतेम २ मीटर लांबीचा, अंगावर पिसं असलेला प्राणी होता. त्याच्या हाताच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणा सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. पडद्यावरचा त्याहून बराच मोठा आणि खवल्यांचा. डायलोफोसॉरसची मानेभोवती फुलणारी झालर तर निव्वळ चित्रपटातली कल्पना, जीवाश्मांत तिचा पुरावा नाही. म्हणून एखाद्या संकराला अशी झालर असेल, तर त्याचा पालक कोणत्या घरचा हे उघड आहे. मालिका चित्रपटावरून बेतलेली असेल तर पडद्यावरचा पालक धरूनच मोजमाप करा. पिसं नाहीत म्हणून गुण कापणं मला अन्यायाचं वाटतं. तसंच स्टेगोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स यांच्यात सुमारे ८ कोटी वर्षांचं अंतर होतं, ही तक्रारही इथे गैरलागू. पण माहिती म्हणून जरूर सांगा, वाचणाऱ्यांना आवडते.

मग हलवून पाहा

आता प्लास्टिकचे सांधे. तीन प्रकार ओळखता आले की काम भागतं. स्विव्हल म्हणजे एकाच अक्षावर गोल फिरणारा, हिंज म्हणजे बिजागरीसारखा उघडमिट करणारा आणि बॉल जॉइंट म्हणजे गोळीवर सगळीकडे फिरणारा. नुसता आकडा देऊ नका. 'चौदा सांधे आहेत' यातून काहीच कळत नाही. त्या सांध्यांनी प्राणी काय काय करू शकतो ते लिहा: मान वळवून मागे बघतो का, खाली वाकून पाणी पितो का, एक पाय उचलून उभा राहतो का.

दोन पायांच्या डायनोसॉरचा पाय नीट समजून घ्या, कारण यात फार जणांची चूक होते. पायाचा जो सांधा 'मागे वाकणारा गुडघा' वाटतो, तो खरं तर घोटा असतो. खरा गुडघा वर, मांडीजवळ असतो आणि तो पुढेच वाकतो. खेळण्यात सांधा या दोन्हींपैकी कुठे दिलाय, त्यावर उभं राहण्याची ढब ठरते. घोट्याला सांधाच नसेल तर पाय हलवला की तळवा जमिनीवरून उचलला जातो आणि जनावर कलंडतं.

खऱ्या प्राण्याचं शरीर कमरेवर तोललेलं असे, पुढे डोकं आणि मागे आडवी ताठ शेपूट. खेळण्यात शेपूट पोकळ आणि डोकं भरीव असलं की तोल पुढे जातो. संकरांमध्ये ही अडचण जास्त येते, कारण एका पालकाचं मोठं डोकं दुसऱ्याच्या सडपातळ अंगावर बसवलेलं असतं. मग उत्पादक पावलं मोठी करतात किंवा शेपटीचा टेकू देतात. टेकू न देता किती ढबींत उभं राहतं ते करून पाहा आणि प्रत्येक ढबीत रात्रभर तसंच ठेवा. सकाळी उभं सापडलं तरच 'उभं राहतं' असं लिहा. माझ्या पहिल्या परीक्षणात मी दातांच्या रंगावर दोन परिच्छेद लिहिले होते. एका वाचकाने साधं विचारलं, 'ताई, हा आधाराशिवाय उभा राहतो का?' मला सांगता आलं नाही, कारण फोटोंसाठी मी तो पहिल्यापासून पुस्तकांना टेकवून ठेवला होता. तेव्हापासून रात्रभराची परीक्षा चुकवलेली नाही.

सांधा फिरवताना जोर लावू नका. रंग वाळताना सांधा चिकटलेला असू शकतो, तेव्हा जरा गरम करून हळूहळू सोडवा. आणि ज्या सांध्यामुळे शिल्पाची रेषा तुटते, त्याची नोंद करा. दोन प्राण्यांचा मेळ नेमका मानेत असेल आणि तिथेच मोठी फट असलेला सांधा दिला असेल, तर दोन्ही सांधे एकाच जागी फसले म्हणायचे.

रंग

खेळण्याचा बराच भाग रंगवलेला नसतोच, प्लास्टिकच त्या रंगाचं असतं. रंगाचे फवारे आणि ठसे जेवढे जास्त तेवढा खर्च जास्त, त्यामुळे पोट, पायाची आतली बाजू आणि शेपटीचं टोक बहुधा कोरं सुटतं. ते कुठे सुटलंय आणि किती खटकतंय, एवढं सांगा. डोळे दोन्ही बाजूंनी बघा, बाहुल्या एकाच दिशेला आहेत का. दातांचा रंग हिरड्यांवर पसरलाय का. नखं रंगवली आहेत का.

संकराच्या बाबतीत याहून महत्त्वाचं असं की रंगाने दोन्ही पालकांना एकत्र बांधलं पाहिजे. पुढचा भाग एका रंगाचा, मागचा दुसऱ्या, असं केलं की जोड आणखी उठून दिसतो. उलट एकच पट्टा डोळ्यापासून शेपटीपर्यंत अंगभर गेला की नजर त्याच्यामागे सरकत जाते आणि जोड विसरते. 'जुरासिक वर्ल्ड' चित्रपटमालिकेतल्या इंडोरॅप्टरच्या काळ्या अंगावरून जाणारा पिवळा पट्टा नेमकं हेच करतो.

चित्रपटातल्या इंडोमिनसमध्ये टी. रेक्सबरोबर कटलफिश आणि झाडावरच्या बेडकाचीही जनुकं असल्याचं सांगितलंय, म्हणूनच तो रंग बदलून लपू शकतो. हे पालक शिल्पात दाखवता येत नाहीत, दाखवलेच तर रंगातून किंवा एखाद्या करामतीतून. खेळण्याने तसा प्रयत्न केला असेल तर आवर्जून नोंदवा.

आवाज आणि करामती

बटण दाबलं की जबडा मिटतो, शेपूट फिरवली की डोकं वळतं, अशा करामती असतील तर त्यासाठी शिल्पाने काय गमावलं ते पाहा. पाठीवर उघडं बटण आलंय का, की ते एखाद्या पाटीत लपवलंय? पाटीत लपवलं असेल तर कौतुक करा, संकराच्या शरीराचा असा उपयोग क्वचितच होतो. आवाज अर्धवट वाटला तर बॅटरीजवळची कळ बघा. दुकानासाठी ठेवलेल्या 'ट्राय मी' स्थितीत आवाज त्रोटक असतो. बॅटरी गोल बटणाची, म्हणजे एलआर४४ सारखी असेल, तर तिचं झाकण स्क्रूने बंद आहे की नाही हे लिहायलाच हवं. लहान मुलाने अशी बॅटरी गिळली तर जिवावर बेतू शकतं.

माप

लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत, वळणाच्या कडेकडेने दोरा लावून मोजा. उंची कमरेपाशी आणि डोक्यापाशी वेगवेगळी द्या. बऱ्याच मालिकांत सोबतची माणसं पावणेचार इंचांची, म्हणजे साधारण साडेनऊ सेंटिमीटरची असतात, हे प्रमाण १:१८ च्या आसपास येतं. शिकागोच्या फील्ड म्युझियममधला 'स्यू' हा टी. रेक्स १२.३ मीटर लांब आहे. याच प्रमाणात त्याचं खेळणं ६८ सेंटिमीटरचं व्हायला हवं, आणि खरा व्हेलोसिरॅप्टर अवघा ११ सेंटिमीटरचा. हा हिशेब एकदा करून पाहिला की मालिकेतले मोठे प्राणी लहान आणि लहान प्राणी मोठे का केलेले असतात ते ध्यानात येतं. संकराचं 'बरोबर' माप कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून त्याला त्याच मालिकेतल्या त्याच्या दोन्ही पालकांशेजारी उभं करा आणि तिघांचा एकत्र फोटो द्या.

फोटो

खिडकीचा एका बाजूने येणारा उजेड पुरतो. मागे साधा कागद. फोन अगदी जवळ नेला की डोकं फुगलेलं आणि शेपूट आखूड दिसते, म्हणून चार पावलं मागे सरका आणि झूम करा. डावी बाजू, उजवी बाजू, समोर, वरून, आणि दोन प्राण्यांच्या जोडाचा जवळून एक. फोटोत पट्टी ठेवा.

लिहायला बसल्यावर

रकान्यांचा तो कागद समोर घ्या. प्रत्येक मत एखाद्या जागेला बांधा. 'मेळ छान जमलाय' असं न लिहिता असं लिहा: 'खांद्यामागे खवले लहान होत जातात, पहिली पाटी झालरीपासून बोटभर मागे सुरू होते, त्यामुळे मान वर केली तरी काही अडत नाही.' वाचणारा आता स्वतः पाहू शकतो आणि तुमच्याशी असहमतही होऊ शकतो. गुण द्यायचेच असतील तर शिल्पाला आणि खेळण्याच्या टिकाऊपणाला वेगवेगळे द्या. कपाटात ठेवायला घेणारा आणि मुलाला खेळायला घेणारा हे दोन वेगळे वाचक आहेत, त्यांची एकच सरासरी काढली तर दोघांचंही नुकसान.

हे कोणासाठी नाही, तेही स्पष्ट सांगा. शास्त्रीय प्रतिकृतीच जमवणाऱ्याला हे आवडणार नाही, असं एक वाक्य त्याचे पैसे वाचवतं.

लिहून झाल्यावर तारीख घाला आणि खेळणं कपाटात तसंच उभं ठेवा. सहा महिन्यांनी परत या. मऊ प्लास्टिकचे पाय उष्णतेत आणि स्वतःच्या वजनाखाली हळूहळू वाकतात, घट्ट सांधे सैल होतात, कधी अंग चिकट होतं. त्याच जागेवरून, त्याच उजेडात दुसरा फोटो काढा आणि दोन्ही शेजारी शेजारी लावून परीक्षणाच्या तळाशी जोडा.